दीड तासाचं जेवण

वर्लिन माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा तिची तक्रार करण्याचा पहिला हक्क माझा. तिनं न्यूयॉर्कहून माझ्या फोनवर एक यादी पाठवली. दहा दिवसांची सुट्टी, पाच मैत्रिणी, सहा बेटं, समुद्रावरचे अकरा बार, एक धबधबा, कासवांबरोबर पोहायची एक जागा. आणि तिसऱ्या दिवसाच्या खाली, औषधाच्या बाटलीवर लिहितात तसल्या बारीक अक्षरांत: ‘मम्मीकडे जेवण, दीड तास.’

दीड तास! तिला जन्म द्यायलाच मला एकोणीस लागले होते.

मी शाळेत जेमतेम चार वर्षं गेले, त्यातही तुरीच्या शेंगा तोडायच्या दिवसांत घरीच. वाचायला मला वेळ लागतो. पण सावकाश वाचणाऱ्याच्या नजरेतून काही निसटत नाही. धबधब्याला तिनं तीन तास दिले होते. पाणी वरून खाली पडतं, ते बघायला तीन तास. बेक्वे बेटावरच्या एका बारला अख्खी संध्याकाळ दिली होती. तिथला मालक रममध्ये पाणी घालतो हे बेक्वेची कुत्रीसुद्धा जाणतात, पण त्याच्या नावापुढे पाच चांदण्या काढलेल्या. माझ्या नावापुढे एक नाही.

आणि बार तर माझाही आहे. कॅरियाकू बेटावर, लेस्टर गावच्या किनाऱ्यावर. चार टेबलं, निळा रंग, आणि माझ्या नवऱ्यानं, आल्ड्रिकनं, एका फुटलेल्या होडीच्या फळ्यांतून केलेलं काउंटर. शिडाच्या बोटींतले परदेशी लोक मुद्दाम नांगर टाकून माझ्या हातची लांबी खायला येतात. मोठ्या शंखातलं ते मांस कुटून कुटून मऊ करावं लागतं, आणि ते माझ्यासारखं या बेटावर कोणाला जमत नाही. ज्यांना वाटतं जमतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

तेरा वर्षांपूर्वी वर्लिन तीन आठवड्यांसाठी ब्रुकलिनला माझ्या बहिणीकडे गेली आणि तिथेच राहिली. राहिली म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणी विचारत नाही. अर्ध्या बेटाची मुलं तशीच राहिली आहेत. कागद नव्हते. बाहेर पडली असती तर परत आत शिरता आलं नसतं. तिथे ती म्हाताऱ्या माणसांना सांभाळते. दुसऱ्यांच्या बापांना भरवते, पुसते, निजवते. तिचा स्वतःचा बाप सहा वर्षांपूर्वी गेला, तेव्हा त्याचं दफन तिनं फोनवर पाहिलं. माझ्या नणंदेनं, झेल्मानं, हात उंच करून फोन धरला होता. झेल्माचा हात दुखायला लागला आणि अर्धा वेळ वर्लिनला नुसतं आभाळ दिसलं.

गेल्या हिवाळ्यात तिचे कागद आले. मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. गुडघ्यांवरून उठते न उठते तोच ही यादी.

आता दगडाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं होतं.

आमच्याकडे माणूस पुरला म्हणजे गेला असं नसतं. थडग्यावर त्याच्या नावाचा दगड बसवायचा, त्या दिवशी गावजेवण घालायचं, ढोल वाजवायचे, आणि मग तो खरा जातो. दगड बसेपर्यंत तो अर्धा घरातच. त्याचा दगडही घरातच ठेवतात, पांढऱ्या चादरीत गुंडाळून. लोक वर्ष थांबतात, दोन वर्षं थांबतात, परदेशातली मुलं येईपर्यंत थांबतात. मी पाच वर्षं थांबले होते. आल्ड्रिकचा दगड बारच्या मागच्या खोलीत, रमच्या खोक्यांच्या शेजारी. त्याला जागा आवडली असावी. तक्रार नव्हती.

माझी चूक एवढीच, की मी घाई केली. पाच वर्षांपूर्वी वर्लिन फोनवर म्हणाली, “मम्मी, नाताळपर्यंत कागद येतील, वकील म्हणतोय.” मी वकिलावर विश्वास ठेवला आणि गवंड्याला मजकूर सांगून आले. आल्ड्रिकचं नाव, तारखा, आणि खाली: ‘हा दगड त्याची मुलगी वर्लिन हिने स्वतःच्या हाताने बसवला.’ गवंडी म्हणाला, “मिस इस्मे, नुसतं ‘कुटुंबीयांनी’ लिहू. सोईचं पडतं.” मी म्हटलं, “सोय तुझ्या घरी ठेव. मी सांगते ते कोर.”

त्यानं कोरलं. नाताळ आला, वर्लिन आली नाही. तिच्याशिवाय दगड बसवला असता, तर कबरस्तानात कायमचं खोटं उभं राहिलं असतं. मी जिभेनं फटकळ असेन, पण दगडात खोटं लिहून ठेवणारी नाही. त्यावर तिचं नाव आहे, हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते मागणं झालं असतं. कागद नसलेल्या मुलीकडे आई काय मागणार?

आणि आता कागद आले होते, तर दीड तास.

झेल्मानं यादी पाहिली. ती रोज सकाळी माझ्याकडे चहा प्यायला येते आणि रोज म्हणते की तिच्या घरचा चहा यापेक्षा चांगला असतो.

“सांग तिला सरळ,” ती म्हणाली. “म्हणावं, बापाचा दगड बसवायचाय, चार दिवस राहा.”

“मी तिची आई आहे. रजेचा अर्ज करणार नाही.”

“मग म्हण, आल्ड्रिक स्वप्नात आला. म्हणाला, भूक लागलीय. स्वप्नाला ती नाही म्हणणार नाही. ब्रुकलिनला राहिली तरी कॅरियाकूची आहे.”

हे खरं होतं. मेलेलं माणूस स्वप्नात येऊन जेवण मागतं, तेव्हा आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. पण आल्ड्रिक माझ्या स्वप्नात आला नव्हता. सहा वर्षांत एकदाही नाही.

“तो जिवंत होता तेव्हा मी त्याच्या तोंडी पुष्कळ शब्द घातले,” मी म्हटलं. “आता नाही घालणार.”

“मग बाहेर तो बोकड कशाला बांधलायस?”

“त्याला समुद्र बघायला आवडतं.”

“आणि सिमेंटची गोणी?”

“झेल्मा, चहा पी. थंड झाला की तुझ्या घरच्यासारखा लागेल.”

बेतच आखायचा असेल तर तो मीच आखीन, असं मी ठरवलं. बिअरच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेतला, शिसपेन्सिलीनं त्यावर सहा बेटं काढली, आणि काउंटरच्या मागे खिळ्याला अडकवला. दोन दिवसांत अख्ख्या लेस्टरला वर्लिनच्या सुट्टीची काळजी लागली. बिअर प्यायला येईल तो पुठ्ठ्यापुढे उभा राहायचा आणि मत द्यायचा. मायरो बेटावर सकाळी जायला नको, मोठ्या जहाजाचे लोक उतरतात. केजमध्ये कासवं बघायची तर भरतीला. कॅनवन कशाला, तिथे पाणीसुद्धा श्रीमंतांना विचारून हलतं.

जेव्हन मोटारबोट चालवतो. वर्लिननं बेटांवर फिरायला त्यालाच ठरवलं होतं. तो डोकं खाजवत म्हणाला, “मिस इस्मे, ही दक्षिणेकडून सुरू करतेय. ग्रेनेडाला उतरणार, मग वर वर बेक्वेपर्यंत. सगळा रस्ता वारा तोंडावर. मैत्रिणी ओकून ओकून अर्ध्या होतील.”

मला हवं ते त्यानंच माझ्या हातात दिलं. बेक्वेपासून सुरू करून वाऱ्याबरोबर खाली यायचं, म्हणजे शेवटचं बेट कॅरियाकू. शेवटी जिथे पोचतो, तिथे माणूस दमतो. दमला की राहतो. मी लगेच फोन लावला.

“वर्लिन, तुझा बेत उलटा आहे.”

“मम्मी, नमस्कार तरी कर.”

“नमस्कार. तुझा बेत उलटा आहे. वाऱ्याबरोबर खाली ये. मायरोच्या पलीकडे पाणी उसळतं, त्या शहरातल्या मुली मरतील.”

ती हसली. तिचं हसू बापासारखं, नाकातून. “विमानाची तिकिटं काढून झालीत. ग्रेनेडाला उतरणार, सेंट व्हिन्सेंटहून परत. बदलता येत नाहीत.”

“मग कॅरियाकूत जरा जास्त थांबा. हाय नॉर्थचा डोंगर चढा. तुला जंगल बघायचंय ना? आमच्याकडे आहे जंगल.”

“मम्मी, मी त्या डोंगरावर शेळ्या वळल्यात. मला माहितेय तिथे काय आहे.”

“तुझ्या मैत्रिणींना कुठे माहितेय?”

 ती एकदम घाईघाईनं म्हणाली, “चार वाजता युनियन बेटावरचं पासपोर्टचं ऑफिस बंद होतं. त्याआधी तिथे शिक्का मारून घ्यायला हवा. म्हणून दीड तास. नाहीतर मी... बघू ना पुढच्या वर्षी. आता तर मी केव्हाही येऊ शकते.”

कारण चोख होतं. आमचं बेट ग्रेनेडाचं, युनियन दुसऱ्या देशाचं; तिकडे जायचं म्हणजे आमच्या हिल्सबरो बंदरात देश सोडल्याचा शिक्का, तिकडे आत शिरल्याचा शिक्का. तेरा वर्षं कागदांना घाबरत जगलेली मुलगी वेळेवर शिक्का मारणारच. पण ती बोलली कशी, ते मी ऐकलं. लहानपणी काच फोडली की ती अशीच भराभर बोलायची.

फोन ठेवल्यावर मला बसवेना. मी चारही टेबलं हलवली, परत होती तिथे लावली. किनाऱ्यावरची वाळू झाडली. वाळूवरून वाळू झाडणारी बाई म्हणून शेजारच्या बारमधले हसले. हसू देत. आल्ड्रिक म्हणायचा, “इस्मे, तुझ्या पायाला भिंगरी आहे. मेलीस तरी शवपेटीत येरझारा घालशील.” तो स्वतः मात्र बसला की बसला. समुद्रावर पंचेचाळीस वर्षं काढलेला माणूस, वादळात हसायचा, आणि घरात बेडूक शिरला की खुर्चीवर चढायचा. खोटं नाही. मी झाडूनं बेडूक बाहेर काढेपर्यंत खुर्चीवरून ओरडायचा, “गेला का? नीट बघ! गेला का?”

दुसऱ्या आठवड्यात मी खोटं बोलले. स्वप्नाचं नव्हे, बोटीचं.

तिला कळवलं की ग्रेनेडाहून येणारी बोट त्या आठवड्यात फक्त शुक्रवारी आहे, आणि जेव्हनचं इंजिन दुरुस्तीला असल्यामुळे सोमवारपर्यंत पुढे जाता येणार नाही. शनिवार आणि रविवार म्हणजे दगडाला पुरेसा वेळ. जेव्हनला मी सांगितलं, “तुझं इंजिन बिघडलंय.”

“नाही हो, मिस इस्मे. परवाच तेल बदललं.”

“जेव्हन, तुझं इंजिन बिघडलंय.”

“बरं. बिघडलंय.”

पण जेव्हन हा असा माणूस, की त्याला खोटं बोल म्हटलं तर तो आधी घाम पुसतो. वर्लिननं त्याला फोन केला, दोन प्रश्न विचारले, आणि त्यानं सगळं ओकून टाकलं. वर म्हणाला, “मिस इस्मेनं सांगितलं म्हणून बिघडलं होतं. आता ठीक आहे.”

मग फोन आला. या वेळी तिनंही नमस्कार केला नाही.

“तू माझ्याशी खोटं बोललीस.”

“बोटीबद्दल. माणसांबद्दल नाही.”

“मम्मी, माझ्याबरोबर पाच बायका आहेत. आम्ही सगळ्या एकाच वेळी बिनकागदाच्या होतो. आठवड्याला आठवडा जोडून पैसे साठवले. कागद आले की मोकळ्या पाण्यावर फिरायचं, कोणाला न विचारता, असं ठरवलं होतं. रोझाल्बा सतरा वर्षं त्या शहराच्या बाहेर पडली नव्हती. आणि तू आम्हाला एका बेटावर अडकवायला बघतेस? काय हवंय तुला? सरळ सांग.”

सरळ सांगायचं होतं, तर ती वेळ हीच होती. शब्द माझ्या दातांपर्यंत आले. मागच्या खोलीत तुझा बाप आहे, आणि त्याच्या दगडावर तुझं नाव आहे. एवढंच. पण तिनं ‘काय हवंय तुला’ ज्या सुरात विचारलं, तो सूर मी गिऱ्हाइकांसाठी वापरते.

“काही नको,” मी म्हटलं. “दीड तास पुष्कळ झाला. माझी लांबी बरेच जण वीस मिनिटांत संपवतात.”

त्यानंतर नऊ दिवस फोन नाही. मी पुठ्ठा खिळ्यावरून काढला, परत लावला. बारला नवा निळा रंग दिला, तो वाळायच्या आत पसंत पडला नाही म्हणून वरून दुसरा दिला. रात्री पडायची, पण पाय चादरीखाली चालतच असायचे. झेल्मा म्हणाली, “तुला वाटतं तू वर्लिनची वाट बघतेस. आल्ड्रिकला दरवाजा सापडत नाहीये, तो तुझ्या पायांत शिरलाय.” मी तिला म्हटलं, तुझ्या भावाला माझे पाय कधीच आवडले नव्हते, तो तिथे कशाला जाईल? पण त्या दिवशी मी मागच्या खोलीत जाऊन दगडावरची धूळ पुसली आणि मनात म्हटलं, माणसा, मी प्रयत्न केला. आता तुझं तू बघ.

तिसरा दिवस आला. तिच्या यादीतला तिसरा, माझा कितवा कोण जाणे.

मी पहाटेपासून शंख कुटत होते. मक्याच्या पिठाचा कूकू घोटला, तूर शिजवली, नीरफणस भाजला. झेल्मा मदतीला म्हणून आली आणि खुर्चीवर बसून माझ्या चुका मोजत होती. साडेबाराला रस्त्यावर गाडी थांबली. सहा बायका उतरल्या, रंगीत टोप्या, खांद्यांवर पिशव्या. सहावी माझी.

जाताना ती सव्वीस वर्षांची होती. आता केसांत पांढरं होतं. फोनमध्ये ते दिसत नसे, किंवा ती फोन तसा धरत असे. ती माझ्यापुढे उभी राहिली आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो.

“बारीक झालीस,” मी म्हटलं.

“तू रंग बदललास बारचा.”

“दोनदा.”

मग तिनं मला मिठी मारली. घट्ट होती, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या खोलीच्या दारावर होती. मला ते तिच्या मानेवरून कळलं. दार उघडंच होतं, आत चादरीचा पांढरा कोपरा दिसत होता. तिनं दाराकडे पाठ येईल अशी खुर्ची निवडली.

तेव्हा मला समजलं. हिला वेळ कमी नव्हता. बाप अर्धा घरात आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ज्याला मूठभर माती द्यायला आपण आलो नाही त्याच्यासमोर एकटीनं उभं राहायचं नव्हतं. म्हणून पाच मैत्रिणी, अकरा बार, आणि चार वाजता बंद होणारं ऑफिस.

 मी ताटं वाढली. रोझाल्बा नावाची ठेंगणी बाई मला वाकून म्हणाली, “तुमच्या जेवणाबद्दल वर्लिन सतरा वेळा बोललीये.” मी म्हटलं, “अठराव्या वेळी दीड तास मिळाला.” वर्लिननं ताटात बघितलं.

त्या खायला लागल्या. एकीनं दोन घास खाल्ले आणि मीठ आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. दुसरीनं पाहिलं. पाहुणी माणसं, मागायचा संकोच. रोझाल्बा शेवटी हळूच म्हणाली, “थोडं मीठ मिळेल?”

मी बोट लावून चाखलं. कूकूत मीठ नव्हतं. लांबीत नव्हतं. तुरीतसुद्धा नव्हतं.

बत्तीस वर्षं मी हा बार चालवते. वादळ छत घेऊन गेलं, त्या दिवशीही मी मीठ विसरले नव्हते. झेल्मा आजतागायत म्हणते की मी मुद्दाम केलं. तिला काय म्हणायचं ते म्हणू दे. माझ्या बायबलवर हात ठेवून सांगते, मी विसरले. नऊ दिवस झोप नव्हती, हात चालत होते, डोकं हिल्सबरोच्या धक्क्यावर होतं.

पण वर्लिनला हे कोण सांगणार? तिनं पहिला घास घेतला आणि चमचा तसाच हवेत राहिला. अळणी जेवण आमच्या बेटावर जिवंत माणसांसाठी शिजवत नाहीत. मेलेल्यांचं ताट अळणी असतं. शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. चुकून त्या ताटात बोट घातलं की थोबाडीत बसते, आणि वर्लिनला ती माझ्या हातची बसलेली होती.

तिचा चेहरा राखेसारखा झाला. चमचा खाली ठेवून ती मैत्रिणींना म्हणाली, “खाऊ नका. थांबा जरा.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “त्यानं मागितलं?”

खोटं बोलायला यापेक्षा सोपी वेळ माझ्या आयुष्यात आली नव्हती. झेल्मा मागून माझ्या कमरेत बोटं खुपसत होती.

“नाही,” मी म्हटलं. “मी विसरले.”

“तू मीठ विसरत नाहीस.”

“आज विसरले.”

ती उठली. खुर्ची मागे पडली, तिनं उचलली नाही. ती मागच्या खोलीत गेली, आणि चादर ओढल्याचा आवाज आला.  पाचही बायका माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, “जरा बसा,” आणि स्वतः मात्र दारापासून काउंटरपर्यंत, काउंटरपासून दारापर्यंत चालत राहिले. ती वाचायला एवढा वेळ का लावतेय? शाळा तर ती पूर्ण शिकली होती.

किनाऱ्यावर जेव्हननं भोंगा वाजवला. पावणेदोन झाले होते.

वर्लिन दारात आली. हाताला धूळ लागलेली, तोच हात गालावरून फिरवलेला.

“माझं नाव आहे त्यावर.”

“मला माहितेय. मीच लिहवून घेतलं.”

“पाच वर्षं? पाच वर्षं तो इथे रमच्या खोक्यांत, माझ्यासाठी? मला सांगायचं ना!”

“सांगून काय केलं असतंस? रडली असतीस. लांबून रडून दगड बसत नाही.”

जेव्हन पाण्यातून चालत वर आला, पँट गुडघ्यांपर्यंत दुमडलेली. “मिस वर्लिन, निघायला हवं. चारला ते बंद करतात.” मग त्यानं आमची तोंडं पाहिली आणि घाम पुसला.

वर्लिननं पिशवीतून पासपोर्ट काढला. कोरा करकरीत होता. ती तो लहान मूल धरावं तसा धरत होती. “मम्मी, आता जमत नाही गं. सकाळी हिल्सबरोला उतरल्या उतरल्या मी जाण्याचा शिक्का मारून घेतला. वेळ वाचावा म्हणून. कागदावर मी देश सोडून गेलेय. मी इथे नाहीये. पकडलं तर? तेरा वर्षं मी... मला पुन्हा असं राहायचं नाही, एक दिवससुद्धा नाही.”

 रोझाल्बा उठून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, “वर्लिन, कासवं कुठे जात नाहीत. धबधबा तर काल बघून झाला. खरं सांगू? थंड होता.” बाकीच्या चौघींनी माना हलवल्या. एकीनं तर पायातले बूट काढून वाळूत पाय रोवले होते.

“पण शिक्का,” वर्लिन म्हणाली.

शिक्का मारणारा पोरगा माझ्याकडे उधारीवर बिअर पितो, आणि त्याच्या आजीच्या दगडाला मी दोन पातेली भात शिजवला होता. चुकून मारलेला शिक्का कसा रद्द करतात हे त्याला माहीत नसेल, तर मी त्याला शिकवीन. पण ते नंतरचं काम. आधी हिच्याशी बोलायचं होतं, आणि सगळ्यांसमोर, झेल्मासमोरसुद्धा. मी चालायची थांबले. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

“वर्लिन, इकडे बघ,” मी म्हटलं. “तेरा वर्षं तू कागदाला भ्यालीस. बरोबर होतं, मी तुला एका शब्दानं बोलले नाही. आता कागद तुझ्या हातात आहे, तरी तू शिक्क्याआड लपून स्वतःच्या बापाला भितेस. तुझा पासपोर्ट म्हणतो तू गेलीस, माझा दगड म्हणतो तू आलीस. दोघांतलं एक खोटं ठरणार, आणि दगड खोडता येत नाही. तू वाईट मुलगी नाहीस. भित्री आहेस. बापावर गेलीस, तो बेडकाला भ्यायचा. त्या भित्र्याबरोबर मी एकेचाळीस वर्षं संसार केला, मला सवय आहे. आता ती खुर्ची उचल, बूट काढ, आणि तुझ्या मैत्रिणींच्या ताटांत मीठ घाल. एक ताट तसंच ठेव. त्यात घालू नकोस.”